वाचकांचे प्रश्न : ब्लॉग वाचावासा कशामुळे वाटतो?

मागील अंकात ब्लॉगलेखनाविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन आम्ही केले होते. आलेल्या बहुतेक पत्रांतील तक्रार एकाच ठिकाणी येऊन थांबते : लिहिण्याची हौस आहे, विषयही आहेत, परंतु वाचणारा एकदा येऊन जातो आणि पुन्हा फिरकत नाही. काही वाचकांनी स्वतःचे लेखही सोबत पाठवले, हे फार बरे झाले, कारण सर्जनशीलतेवर हवेत बोलणे सोपे असते आणि ते कोणाच्याच उपयोगी पडत नाही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : मी कोकणातील पारंपरिक खाद्यपदार्थांवर ब्लॉग लिहिते. कृती अचूक असतात, छायाचित्रेही चांगली येतात, तरीही माझी मुलगी म्हणते की, तो इतर शंभर ब्लॉगांसारखाच वाटतो. त्यात सर्जनशीलता कशी आणावी? फणसपोळीवरचा लेख सोबत पाठवत आहे. (एक गृहिणी, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : तुमच्या लेखाची सुरुवात अशी आहे : 'कोकण म्हणजे निसर्गाने मुक्तहस्ते केलेली उधळण. लाल माती, नारळी-पोफळीच्या बागा, अथांग समुद्र आणि फणसासारखी वरून काटेरी पण आतून गोड माणसे.' यात चुकीचे काहीच नाही. अडचण एवढीच आहे की, ही वाक्ये लिहिण्यासाठी कोकणात राहावे लागत नाही. ती दादरमध्ये बसून लिहिता येतात, नागपुरात बसून लिहिता येतात, आणि लिहिली गेलेलीही आहेत. वाचकाने ती इतक्या वेळा वाचलेली असतात की, त्याची नजर त्यांवरून घसरत थेट साहित्याच्या यादीवर जाते.

आता लेखासोबत तुम्ही आम्हाला जे पत्र लिहिले आहे, त्यातला मजकूर पाहा. 'लेख पाठवायला उशीर झाला, कारण यंदा अवेळी मळभ आले आणि ताटे आत-बाहेर करण्यातच दिवस गेले. सासूबाई ताटाची कड नखाने उचलून पाहतात. ती न फाटता सुटली, तरच पोळी उलटू देतात. नाहीतर ताट पुन्हा उन्हात.' हे तुम्ही कारण सांगण्यासाठी सहज लिहून गेलात, आणि फणसपोळीवरच्या तुमच्या संपूर्ण लेखात जे नाही ते या चार वाक्यांत आले आहे. यात ऋतू आहे, घाई आहे, घरात शेवटचा शब्द कोणाचा हे आहे, आणि पोळी केव्हा उलटावी याची अशी कसोटी आहे जी घड्याळाने किंवा दिवसांच्या हिशेबाने सांगता येत नाही. मुख्य म्हणजे, हे तुमच्याखेरीज कोणी लिहू शकले नसते. ज्याला तुम्ही सर्जनशीलता म्हणता, तिची सुरुवात बहुतेक वेळा येथे होते. काहीतरी नवे रचण्यापेक्षा, आपल्यासमोर असलेल्या पुष्कळ गोष्टींतून नेमकी कोणती सांगायची हे ओळखण्यात ती अधिक असते.

म्हणून आमची सूचना अशी की, पहिला परिच्छेद सरळ काढून टाकावा आणि लेख मळभापासून सुरू करावा. त्यानंतर वाचकाच्या मनात जे प्रश्न येतील, त्यांची उत्तरे त्याच क्रमाने द्यावीत. पोळीसाठी बरका फणस का घेतात? त्याचे गरे मऊ आणि रसाळ असतात, चाळणीवर घासले की रस खाली उतरतो आणि दोर वर राहतात. काप्या फणसाचा घट्ट गरा अशा कामाला नाखूश असतो. थर किती जाड असावा? जाड थर वरून सुकलेला दिसतो, आत ओलाच राहतो आणि डब्यात भरल्यावर त्याला बुरशी येते. खाटेचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत का ठेवले आहेत? मुंग्यांसाठी. ताटांवर जुने सुती लुगडे का पसरले आहे? माश्या आणि धूळ यांच्यासाठी. आणि ते सुतीच का, हे तुम्ही आमच्यापेक्षा चांगले सांगाल. कारणे सांगणारा लेख वाचकाला धरून ठेवतो, कारण कृती त्याला कुठेही मिळते, 'असे का' हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

छायाचित्रांबाबतही हाच विचार करावा. केळीच्या पानावर गुंडाळी करून ठेवलेली फणसपोळी, शेजारी जास्वंदीचे फूल, हे चित्र सुंदर आहे, परंतु त्यातून काही कळत नाही. सासूबाईंचे नख आणि ताटाची सुटू लागलेली कड, एवढेच जवळून टिपलेले एक छायाचित्र लेखाचे अर्धे काम करील. (त्यांची परवानगी घ्यावी, हे वेगळे सांगायला नको. बोटेच दिसणार आहेत असे सांगितले की बहुतेक सासवा तयार होतात.)

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. स्वयंपाकाच्या ब्लॉगवर येणारा वाचक दोन प्रकारचा असतो. एकाला वाचायचे असते आणि दुसऱ्याचे हात रसाने भरलेले असतात, त्याला फक्त प्रमाण पाहायचे असते. साहित्य आणि कृती लेखाच्या शेवटी वेगळ्या चौकटीत द्यावी आणि लेखाच्या आरंभी तिच्याकडे जाणारा दुवा ठेवावा, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या वाचकाला तुमच्या मळभातून वाट काढत खाली यावे लागणार नाही आणि पहिल्या प्रकारच्या वाचकासाठी तुम्ही मोकळेपणाने लिहू शकाल.

प्रश्न : मी एसटीत वाहक आहे. शिक्षण बारावीपर्यंत झाले असून साहित्य फारसे वाचलेले नाही. गाडीत रोज माणसे पाहतो आणि त्यांच्यावर ब्लॉग लिहावासा वाटतो. भाषेला वजन यावे म्हणून काय करावे? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : भाषेला वजन आणण्याचा विचार तूर्त सोडून द्यावा. तुम्ही नमुन्यादाखल पाठवलेल्या लेखात पहिलेच वाक्य आहे, 'जीवन हा एक प्रवास आहे.' पुणे ते अहमदनगर ही एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी धावली. त्यानंतर राज्यात जितक्या फेऱ्या झाल्या असतील, त्यांपेक्षा या वाक्याच्या फेऱ्या नक्कीच अधिक झाल्या आहेत. असे वाक्य लिहिले की लेखकाला आपण काहीतरी मोठे बोललो असे वाटते, आणि वाचकाला मात्र आता उतरावे असे वाटू लागते.

त्याच लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही मुक्कामी गाडीबद्दल लिहिले आहे : रात्री शेवटच्या गावी गाडी लावायची, चालकाने आणि तुम्ही तिथेच झोपायचे आणि पहाटे पहिली फेरी घेऊन तालुक्याला परतायचे. ज्यांनी मुक्कामी गाडी कधी पाहिलेली नाही, त्यांना यात कुतूहल वाटेल, आणि ज्यांचे बालपण तशा गावात गेले आहे, त्यांना पहाटेच्या अंधारात इंजिन सुरू झाल्याचा आवाज आपोआप ऐकू येईल. परंतु तुम्ही तो परिच्छेद पाच ओळींत संपवला. आम्हाला विचारायचे आहे की, झोपण्याची जागा कोणती असते, गाडीतील मागचे बाक की शाळेचा ओटा? पाणी कोण देते? पहाटे सर्वांत आधी येऊन बसतो तो कोण? कॉलेजला जाणारी मुले कोणत्या थांब्यापर्यंत गप्प असतात? नेहमीचा एखादा प्रवासी दोन दिवस दिसला नाही, तर त्याचे कारण तुम्हाला कोण सांगते? राज्यात ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास मिळू लागला आणि मार्च 2023 पासून महिलांना निम्मे भाडे झाले, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. पण त्यानंतर तुमच्या गाडीत कोण नव्याने दिसू लागले, ते कुठे जातात, आणि आजोबा आपले आधार कार्ड कशात गुंडाळून आणतात, हे वर्तमानपत्रांत आलेले नाही. ते फक्त तिकिटाचे यंत्र हातात घेऊन जागोजागी उभ्या असलेल्या माणसाला दिसते.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एकच गोष्ट, परंतु ती महत्त्वाची आहे. तुमचा सगळा लेख रीतिवर्तमानात आहे : प्रवासी येतात, सुट्ट्या पैशांवरून वाद घालतात, वृद्धांना जागा देतात. अशा वाक्यांत कोणीही विशिष्ट माणूस नसतो, सर्व काही नेहमी आणि सगळीकडे घडते, त्यामुळे काहीच घडल्यासारखे वाटत नाही. तीच गोष्ट भूतकाळात आणि एका दिवसापुरती सांगून पाहा : 'सोमवारी आठवडी बाजार होता. पन्नाशीच्या एक बाई दोन कोंबड्या पिशवीत घालून चढल्या आणि कोंबड्यांचे तिकीट पडेल का, असे त्यांनी मला विचारण्याआधी चालकाला विचारून घेतले.' हे आम्ही कल्पनेने लिहिले आहे, तुमच्याकडे खरे आहे. एका लेखात एकच फेरी घ्यावी. फेरी संपल्यावर, हिशेब पूर्ण करून झाला की, ऐकलेले वाक्य ज्या शब्दांत ऐकले त्याच शब्दांत वहीत टिपून ठेवावे. संध्याकाळपर्यंत ते वाक्य आपल्या नकळत शुद्ध आणि निर्जीव होते.

दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. प्रवासी हा तुमच्यावर विश्वास ठेवून गाडीत बसलेला असतो, त्यामुळे त्याचे नाव, गाव, आजार किंवा घरातले भांडण ओळखू येईल अशा रीतीने लिहू नये आणि परवानगीशिवाय त्याचे छायाचित्र टाकू नये. तसेच नोकरीच्या सेवाशर्तींत लेखनाबाबत काय म्हटले आहे, ते लिहायला लागण्यापूर्वी पाहून घ्यावे.

प्रश्न : घरी आम्ही वऱ्हाडी बोलतो, ब्लॉग मात्र प्रमाण मराठीत लिहितो. लिखाण कोरडे वाटते. पूर्ण वऱ्हाडीत लिहिले तर पुण्या-मुंबईचे वाचक दुरावतील का? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : दुरावतील ही भीती थोडी अवाजवी आहे, परंतु पूर्ण लेख बोलीत लिहायचा की नाही, याचा निर्णय वाचकांच्या धाकाने घेऊ नये. तुमचे निवेदन तुमच्या मनात कोणत्या भाषेत उमटते, यावर तो घ्यावा. मनात वऱ्हाडी असेल आणि कागदावर प्रमाण भाषा उतरत असेल, तर मधल्या वाटेत विनोद सर्वांत आधी गळतो, आणि तुमच्या दोन्ही लेखांत नेमके तेच झाले आहे. निवेदन प्रमाण भाषेत ठेवून माणसांना त्यांच्या बोलीत बोलू देणे, हा बहुतेकांना जमणारा मार्ग आहे. 'मुलांनो, आज शाळा नाही का, असे आजोबांनी विचारले' या वाक्यात आजोबा कुठलेही असू शकतात. 'काहून रे पोट्टे हो, आज शाळा नाही काय?' असे त्यांनी विचारले की, ते ओसरीवर येऊन बसतात. प्रत्येक बोली शब्दापुढे कंसात अर्थ देण्याची सवय मात्र सोडावी. प्रसंग नीट मांडला असेल तर पुणेकर वाचकाला अर्थ कळतो, आणि एखादा शब्द कळला नाही म्हणून कोणी वाचन सोडल्याचे आम्ही पाहिलेले नाही. कंटाळा आला म्हणून मात्र पुष्कळ जण सोडतात.

प्रश्न : माझ्या ब्लॉगवर प्रवासवर्णने, शेअर बाजार, राजकारण आणि कविता असे सगळेच आहे. ब्लॉगला एकच विषय असला पाहिजे, असे मित्र सांगतात. तसेच, आठवड्यातून किती वेळा लिहावे? (एक अभियंता, पुणे)

उत्तर : मित्रांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. तुमच्या शहराशी संबंध असलेले एक जुने उदाहरण देतो. गोपाळ हरी देशमुख हे पुण्यात जन्मलेले, सरकारी नोकरीतील पंचविशीचे तरुण 'लोकहितवादी' या टोपणनावाने 1848 ते 1850 या काळात भाऊ महाजन यांच्या 'प्रभाकर' या मुंबईच्या साप्ताहिकात पत्रे लिहीत होते. ती पुढे शतपत्रे म्हणून ओळखली गेली, प्रत्यक्षात त्यांची संख्या 108 आहे. विषय पाहिले तर त्यांत काय नाही? जातिभेद, पुनर्विवाह, स्त्रियांचे शिक्षण, ब्राह्मणांचे पाठांतर, इंग्रजांचे राज्य, व्यापार, वाचनाची आवड. तरीही कोणतेही पत्र उघडले तर लिहिणारा माणूस तोच आहे, याविषयी शंका येत नाही, कारण प्रत्येक विषयाला त्याने एकच प्रश्न विचारला आहे : आपले लोक मागे का पडले, आणि याला आपले स्वतःचे दोष किती कारणीभूत आहेत? त्यांची काही विधाने आज एकतर्फी वाटतात, काही ठिकाणी इंग्रजी राज्यावरचा त्यांचा विश्वास पचत नाही. परंतु वाचताना कोणीतरी समोर बसून तळमळीने बोलत आहे, ही जाणीव पावणेदोनशे वर्षांनंतरही कमी होत नाही.

तेव्हा विषय अनेक असले तरी हरकत नाही, पाहणारा एक असला पाहिजे. तुमच्या ब्लॉगवर आम्हाला ती अडचण दिसते. शेअर बाजारावरचे लेख सावध, आकडेवारीने भरलेले आणि चांगले आहेत. प्रवासवर्णने मात्र पर्यटन पुस्तिकेच्या भाषेत आहेत आणि राजकीय लेख दुसऱ्या कोणीतरी रागाच्या भरात लिहिल्यासारखे आहेत. जो माणूस कंपनीचा ताळेबंद इतक्या चिकाटीने वाचतो, त्याने हंपीला गेल्यावर तिथल्या तिकीटखिडकीचा, वाटाड्यांच्या दरांचा आणि विरुपाक्ष मंदिरासमोरच्या बाजाराचा हिशेब मांडला असता, तर ते प्रवासवर्णन तुमचे झाले असते. कवितांबद्दल आम्ही काही बोलत नाही. त्या वेगळ्या पानावर ठेवाव्यात.

किती वेळा लिहावे, याला ठरलेले उत्तर नाही. दोन-अडीच वर्षांत 108 पत्रे म्हणजे साधारण आठवड्याला एक, आणि तेही वर्तमानपत्राची तारीख डोक्यावर असताना. नोकरी करणाऱ्या माणसाला पंधरवड्यातून एक चांगला लेख पुष्कळ झाला. महत्त्वाचे एवढेच की, जो दिवस ठरवाल तो पाळावा आणि पाळता येईल असाच ठरवावा. 'बरेच दिवसांत लिहिणे झाले नाही, क्षमस्व' या वाक्याने सुरू होणारे लेख मराठी ब्लॉगांवर इतके आहेत की, त्यांचा एक स्वतंत्र संग्रह निघू शकेल. याखेरीज नव्याने आलेल्या वाचकासाठी तुमचे निवडक पाच-सहा लेख एका पानावर एकत्र ठेवा. नुकताच आलेला माणूस सर्वांत ताजा लेख वाचून मत बनवतो, आणि ताजा लेख नेहमीच सर्वांत चांगला असतो असे नाही.

प्रश्न : मी निवृत्त बँक कर्मचारी असून नागपूरच्या जुन्या आठवणी लिहितो. नातवंडे म्हणतात की, ब्लॉग मोबाइलवर वाचवत नाही. दोष मजकुराचा की मांडणीचा? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : मांडणीचा, आणि तो एका दिवसात दूर होण्यासारखा आहे. तुम्ही जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मजकूर टंकित करता आणि त्याचे चित्र करून पानावर चढवता. चित्रातील अक्षरे मोबाइलवर मुंगीएवढी दिसतात, मोठी करायला गेले की ओळ पडद्याबाहेर जाते, गूगलवर शोधल्यास ती सापडत नाहीत आणि अंध वाचकांसाठी मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली तेथे मुकी होते. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व उपकरणांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, टंकित करावा. मोबाइलच्या मराठी कळफलकावरून किंवा बोलूनही तो उतरवता येतो; मात्र बोलून उतरवलेल्या मजकुरात विरामचिन्हे आणि ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांखालून घालावेच लागतात.

देवनागरीला ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा अधिक जागा लागते, कारण वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार वर जातात, तर उकार आणि ऋकार खाली उतरतात. तयार साच्यांत ओळींमधील अंतर बहुधा रोमन लिपीच्या हिशेबाने ठेवलेले असते. ते अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडे अधिक करावे, म्हणजे वरच्या ओळीतील 'कू' खालच्या ओळीतील 'कौ'ला टेकणार नाही. दोन्ही बाजूंना समास सरळ ठेवण्याचा मोह टाळावा. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर त्यामुळे शब्दांमध्ये खिंडारे पडतात. मुक्ता किंवा नोटो यांसारखे मोफत मिळणारे देवनागरी फाँट वापरावेत, आणि निवडताना 'सुऱ्या', 'तऱ्हा', 'वाङ्मय' हे शब्द लिहून पाहावेत, कारण काही फाँटांत नेमकी हीच जोडाक्षरे बिघडतात. पान उघडताच वाजणारी बासरी आणि वरून गळणारी गुलाबाची फुले ही 2008 च्या सुमाराची आवड होती. ती आता निवृत्त करावी.

प्रश्न : मथळा आकर्षक कसा करावा? 'हे वाचून तुम्ही थक्क व्हाल' अशा मथळ्यांना वाचक जास्त मिळतात, हे खरे आहे का? (अनेक वाचक)

उत्तर : एकदा मिळतात. पुढच्या वेळी तोच वाचक थक्क होण्याची तयारी ठेवून येत नाही. मथळ्यात लेखातील सर्वांत नेमकी वस्तू असावी : 'सीताबर्डीवरील माझी पहिली बदली' हे 'आठवणींच्या हिंदोळ्यावर' यापेक्षा चांगले आहे, कारण पहिल्यात ठिकाण आहे, नोकरी आहे आणि पुढे काय झाले असेल ही उत्सुकता आहे, तर दुसऱ्याखाली कोणाच्याही कसल्याही आठवणी खपतात. 'हिंदोळा', 'गंध', 'वळण' आणि 'मनाचा कोपरा' यांना काही वर्षे विश्रांती द्यावी, अशी संपादक म्हणून आमची हात जोडून विनंती आहे.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लेख लिहून घेऊन तो आपल्या ब्लॉगवर टाकण्यात काय चूक आहे? वाचकाला चांगले वाचायला मिळाले म्हणजे झाले. (एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : चुकीचा मुद्दा बाजूला ठेवू आणि उपयोगाचा पाहू. अशा साधनाला 'पावसावर सुंदर ललित लेख लिही' असे सांगितले की, ते पावसावर आजवर जे लिहिले गेले त्याचा सरासरी अंदाज घेऊन सुबक मजकूर देते. त्यात मातीचा सुगंध असतो, कागदाची होडी असते आणि वाफाळता चहा असतो. परंतु तुमच्या वसतिगृहाच्या गच्चीत जूनमध्ये कोणती खोली गळते आणि बादली ठेवण्याची पाळी कोणाची असते, हे त्याला ठाऊक नसते, आणि तुमच्या ब्लॉगवर येण्याचे कारण तेवढेच आहे. शुद्धलेखन तपासणे, लांबलेला परिच्छेद कुठे तोडता येईल हे विचारणे, एखाद्या युक्तिवादातील कच्चा दुवा शोधणे, यांसाठी त्याचा उपयोग खुशाल करावा. सनावळ्या, आकडे आणि उद्धृते मात्र त्याच्या भरवशावर छापू नयेत. चुकीची गोष्टही ते तितक्याच ठामपणे सांगते.

प्रश्न : लेखात प्रसिद्ध कवींच्या कविता आणि इंटरनेटवरची छायाचित्रे 'साभार' लिहून वापरली तर चालते का? (एक शिक्षिका, वाई)

उत्तर : 'साभार' लिहिणे हा सौजन्याचा भाग झाला, त्याने परवानगी मिळत नाही. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावर त्याच्या निधनाच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे हक्क राहतो. केशवसुतांचे निधन 1905 मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या कविता तुम्ही संपूर्ण देऊ शकता. कुसुमाग्रजांचे निधन 1999 मध्ये झाले, म्हणजे त्यांच्या कवितांवरील हक्क 2059 च्या अखेरपर्यंत आहे. कवितेचे रसग्रहण किंवा समीक्षा करताना, कवीचे नाव देऊन, मुद्द्यापुरत्या ओळी उद्धृत करण्यास कायदा मुभा देतो. परंतु 'आज ही सुंदर कविता वाचनात आली' एवढेच लिहून खाली पूर्ण कविता उतरवणे म्हणजे रसग्रहण नव्हे. खरे तर तुम्ही त्या कवितेतील दोन ओळींवर थांबून, त्या सहावीच्या वर्गात शिकवताना मुलांनी काय विचारले, हे लिहिले तर तो लेख कायद्यातही बसेल आणि वाचनीयही होईल.

2012 च्या दुरुस्तीपासून छायाचित्रांवरील हक्कही छायाचित्रकाराच्या निधनानंतर 60 वर्षे राहतो, त्यामुळे शोधात सापडलेले चित्र मोफत आहे असे गृहीत धरू नये. विकिमीडिया कॉमन्सवर मोकळ्या परवान्याखालील भरपूर चित्रे आहेत; ती वापरताना छायाचित्रकाराचे नाव आणि परवान्याचा प्रकार चित्राखाली लिहावा लागतो. वाईचा घाट, मेणवलीचा वाडा किंवा तुमच्या शाळेचे पटांगण यांसाठी मात्र उसन्या चित्राची गरजच नाही, हातातला मोबाइल पुरे. आणि एखादी संपूर्ण कविता हवीच असेल, तर प्रकाशकाला किंवा कवीच्या वारसांना पत्र लिहून कोणती कविता, कोठे आणि कशासाठी वापरणार आहात, तसेच ब्लॉगवर जाहिराती आहेत की नाहीत, हे कळवावे. लेखी उत्तर येईपर्यंत ती कविता पानावर चढवू नये.